कच्च्या रोडग्यांचा दिवस

नाताळच्या सुट्टीत बुलडाणा जिल्ह्यात जाऊन आले, असं शाळेत शिक्षिकांच्या खोलीत सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे शेगावला का?" पुण्याच्या माणसाचा बुलडाणा जिल्हा शेगावच्या स्टेशनावर सुरू होतो आणि तिथल्या देवळाच्या दारात संपतो. दर्शन घ्यायचं, प्रसाद खायचा, परतीची गाडी गाठायची. फार चौकस असला तर तो लोणारच्या सरोवराचं नाव काढतो आणि कधीतरी जायला हवं म्हणतो. मी शेगावलाच उतरले हे खरं. देवळाचा कळस टांग्यातून पाहिला, हात जोडले आणि खामगावच्या एस.टी.त जाऊन बसले. लोणारही पाहिलं नाही. मी गेले होते वांग्याच्या बियाण्यासाठी. हे सांगितलं की शिक्षिकांच्या खोलीतले प्रश्न थांबतात.

तेव्हा जे तिकडे गेले नाहीत, आणि बहुधा जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाहण्यासारखं फारसं काही मी पाहिलं नाही. खाल्लं मात्र पुष्कळ, आणि त्यातलं एक खायला नको होतं.

उंद्री

खामगावहून चिखलीकडे जाताना उंद्री लागतं. ते माझं माहेर. डिसेंबरात त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीवर राहिलेला शेवटचा कापूस, शेंगांवर आलेल्या तुरी आणि वीतभर हरभरा, एवढंच दिसतं. माती काळी, आभाळ मोठं, झाडं मोजकी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्यामुळे ग्रामपंचायतीवर नवी पाटी होती आणि एस.टी. गावात थांबत होती. तरी उंद्रीच्या लेखी पुणं अजून परमुलूखच आहे. "तुमच्या देशात थंडी हाय का?" असं मला उतरल्या उतरल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याने विचारलं.

माय ओट्यावर बसली होती. पुण्यात बोलताना मी "आई" म्हणते, पण ती मायच. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली असावी, कारण मी दिसेन एवढी तिची नजर आता राहिलेली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळली वं तू." मी मुळीच वाळलेली नाही. आमच्या गल्लीतला शिंपी याची साक्ष देईल.

तिला ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचा माझा आग्रह दोन वर्षांचा होता. डॉक्टर ठरलेले होते. ती दर वेळी हो म्हणे आणि दर वेळी काहीतरी निघे. कधी कपाशी, कधी गाय, कधी शेजारणीचं बाळंतपण. डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी वर्ष घालवलंत तर मी हात लावणार नाही. मी तसं कळवलं, आणि मायचं पोस्टमास्तरांच्या अक्षरातलं उत्तर आलं: "तुझ्या आजीचं वांगं यंदा उगवलं नाही. ते बियाणं घरात आल्याशिवाय मी गाव सोडत नाही."

आजी म्हणजे भागीरथीबाई, माझ्या वडिलांची आई. वडील मी चार वर्षांची असताना गेले. त्यानंतर या सासू-सुनांनी विहिरीवरचा भाजीचा मळा चालवला आणि मला वाढवलं. आजी बोलायची आणि माय राबायची, अशी दोघींत कामाची वाटणी आहे असं मला लहानपणी वाटे. बियाणं आजीच्या ताब्यात असे. तिचं वांगं भरताचं, पोपटी रंगाचं, अंगावर पांढऱ्या रेघा, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. सगळ्यांत चांगलं वांगं ती झाडावरच ठेवी आणि त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधी. ते कोणी तोडायचं नाही. पिकून पिवळं झालं की फोडून, बी धुऊन, राखेत घोळून, चिंधीत बांधून एका गाडग्यात ठेवायचं. मरताना तिने घराची किल्ली कोणाकडे दिली नाही, ते गाडगं मात्र मायच्या हातात दिलं. गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या अवकाळीत छप्पर गळलं आणि गाडग्यात पाणी गेलं. मायला ते दिसलं नाही. बुरशी धरलेलं बी तिने मृगात टाकलं आणि महिनाभर त्या वाफ्याशी जाऊन बसत राहिली.

मी शहाणपणाने पुण्याहून सुधारित वांग्याच्या बियांचं पाकीट नेलं होतं. वर रंगीत चित्र. मायने ते चाचपलं, कानाशी हलवून ऐकलं आणि परत माझ्या पिशवीत घातलं.

"हे तुह्या पुन्यात लाव," ती म्हणाली. "तुह्या आजीनं पार्वताले बियानं देल्लं होतं, धाडच्या कौसाले देल्लं होतं. त्याईच्याजवळ असंन. मले दिसत असतं तं मीच गेली असती."

म्हणजे मी जायचं होतं. सुट्टी आठ दिवसांची होती आणि ती वांग्यांच्या शोधात घालवायची माझी इच्छा नव्हती. पण माय एकदा बोलली की ते तेवढंच असतं, वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही.

त्या दुपारी तिने रोडगे केले. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: गव्हाच्या जाडसर पिठाचे, तेलाचा हात लावून घड्या घातलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. पुण्यात याला स्वयंपाक म्हणणार नाहीत, मोहीम म्हणतील. मी सवयीने पहिला रोडगा मोडून आत पाहिलं आणि म्हटलं, "शिजले बाई एकदाचे!" माय हसली. या थट्टेला ती दर वेळी हसते.

या थट्टेमागची गोष्ट आमच्या पुण्याच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी अकरा वर्षांची असताना मला पाहायला पाहुणे आले होते. गावच्या शाळेतले गुरुजी त्याआधी दोनदा घरी येऊन, पोरीला पुढे चिखलीला शिकवा, असं सांगून गेले होते. आजी "पाहू" म्हणाली होती आणि माय काहीच बोलली नव्हती. मग आजीने पाहुणे बोलावले. त्यांच्यासाठी रोडग्यांचा बेत होता. मायने गोवऱ्या पेटवल्या त्या पेटेचनात. धूर, धूर आणि धूर. पाहुणे खोकत बसले. दिवस कलायला आला तेव्हा ताटात वाढले ते बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. नवऱ्या मुलाच्या काकाने घास थुंकला. आजीने सगळ्यांदेखत मायला शिव्या घातल्या, "एवढ्या वर्सात जाळ लावता नाही आला!" पाहुणे न जेवताच गाडी जुंपून निघून गेले. आठ दिवसांनी आजीने मला चिखलीला नेऊन शाळेत घातलं आणि ओळखीच्या एका बाईंकडे राहायला ठेवलं. तिथून मी जी निघाले ती अमरावती, नागपूर करत पुण्याला जीवशास्त्र शिकवायला पोचले.

माझ्या मते माझ्या शिक्षणाची गोष्ट अशी आजीपासून सुरू होत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी दोनदा भाषणातून तिचे आभार मानले आहेत, टाळ्यांसकट. मायचा उल्लेख रोडग्यांपुरता. आमच्या घरी भात जरा कच्चट राहिला की माझे यजमान म्हणतात, "आज सासूबाई आल्या होत्या वाटतं."

निघताना मायने एकच सूचना केली, "जाशीन तठी आंधी जेवजो, मंग काम सांगजो."

हीही मूळ आजीची शिकवण. आमच्या पेठेत दार अर्धं उघडून "काय काम आहे?" असं विचारतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तिकडे पाहुण्याने आल्या आल्या काम सांगायचं नसतं आणि घरच्यांनी विचारायचं नसतं. आधी पाणी, मग चहा, मग जेवण. सुपारी तोंडात पडल्यावर मग "बोला." आजी म्हणे, जेवणाआधी काम सांगतो तो भिकारी आणि जेवणाआधी काम विचारतो तो सावकार.

चिखलीच्या अलीकडे

पार्वताआत्या म्हणजे आजीच्या भावाची मुलगी. चिखलीच्या अलीकडे एका वाडीत तिचं घर आहे. एस.टी.तून उतरल्यावर दीड मैल चालत जावं लागतं. कंडक्टरने मला उतरवताना माझ्या चपलांकडे पाहिलं आणि "जाशान ना बाई?" असं विचारलं. अर्ध्या वाटेवर एका चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्याच्या नजरेचा अर्थ कळला. राहिलेली वाट चपला हातात घेऊन चालले, आणि लहानपणी याच मातीतून अनवाणी धावत होते या आठवणीचा पायांना काहीही उपयोग झाला नाही.

पार्वताआत्या सत्तरीची, वाकलेली, पण तुरीच्या शेंगा खुडत होती त्या हाताचा वेग पाहण्यासारखा. मी नाव सांगितल्यावर तिने शेंगा तिथेच टाकल्या.

"मायबाई! भागीरथी आत्याची नात! पुन्याहून? पायीच?"

"शेवटचं पायी," मी म्हणाले.

पाणी आलं, पाय धुवायला वेगळं पाणी आलं, गुळाचा चहा आला. मी शिकवणीप्रमाणे कामाचं अक्षर काढलं नाही. तिनेही विचारलं नाही. मायच्या डोळ्यांची चौकशी केली, माझ्या मुलांची केली, आणि मी ओट्यावर पाय चोळत बसले असताना ती घरामागे गेली. परत आली तेव्हा हातात एक मोठं पोपटी वांगं होतं, अंगावर पांढऱ्या रेघा. त्याच्या देठाला काहीतरी तांबडं होतं. तिने ते सोडून कमरेला खोचलं आणि वांगं चुलीत घातलं.

ती चिंधी मी पाहिली होती. लहानपणी तसल्या चिंधीला हात लावला म्हणून आजीचा मार खाल्लेल्या मुलीने पाहिली होती, आणि दर वर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर बीजाची आकृती काढून देणाऱ्या बाईनेही पाहिली होती. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही. मी भाजणाऱ्या सालीचा वास घेत होते.

भरीत अप्रतिम होतं. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल. ज्वारीची गरम भाकरी. वांग्यातल्या कोवळ्या बिया दाताखाली आल्याची जाणीव मला चांगली आठवते. मी दोनदा मागून घेतलं. आत्या मला वाढत होती आणि स्वतः फक्त ठेचा खात होती. तिला वांगं सोसत नसेल असं मी मनात ठरवून टाकलं.

हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, आणि मग मी मोठ्या रीतसर आवाजात म्हणाले, "आत्या, एक काम घेऊन आले होते. आजीच्या वांग्याचं बियाणं तुझ्याकडे आहे ना? मायचं गेलं. थोडं हवं होतं."

 आत्याने कमरेची चिंधी काढून माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"यंदा कीड पडली," ती म्हणाली. "समदी झाडं गेली. एक झाड राह्यलं, त्याले एकच वांगं. तेच ठेवलं होतं पिकाले."

"मग तोडलंस कशाला?"

"तू आली ना! भागीरथी आत्याच्या नातीले काय मेथी खाऊ घालू? तुह्याच घरचं वांगं होतं, तुह्याच पोटात गेलं. पन तू आंधी सांगाचं ना वं!"

"आधी काम सांगू नये अशी आजीची शिकवण."

"हाव," आत्या म्हणाली, "मलेबी तिचीच."

 मग आत्याला हसू फुटलं आणि मलाही. पण मला आतून बरं वाटत नव्हतं. ज्या बियाण्यावर मायचे डोळे अडकले होते, ते मी दोनदा मागून खाल्लं होतं. तरी मी विचारलं की मागच्या वर्षीचं काही उरलं आहे का. तिने हंडी उलटी करून दाखवली. मी पिशवीतलं पुण्याचं पाकीट तिला दिलं. तिने चित्र बराच वेळ पाहिलं.

"फोटो बरा हाय," ती म्हणाली. "लाऊ. पन याले चव कोन देईन?"

धाड

दुसऱ्या दिवशी पार्वताआत्याच्या मुलाने दोरीने शिवून दिलेली चप्पल घालून मी बुलडाण्यामार्गे धाडला गेले. बुलडाणा उंचावर आहे, हवा थंड, आणि साहेबलोकांनी जिल्ह्याचं ठाणं म्हणून ते उगाच निवडलं नव्हतं हे थांब्यावर उभं राहिल्यावर कळतं. थांब्यावर सीताफळाची शेवटची, काळी पडलेली फळं विकायला होती. धाडचा रस्ता पुढे उतरत जातो आणि बोलीही थोडी उतरते. जालन्याकडची माणसं गाडीत चढू लागली की "मले"चं "मला" होत जातं. पुण्याच्या कानाला मात्र दोन्ही सारखीच गावंढळ वाटतील.

धाडला आठवडी बाजार होता. मिरच्यांच्या राशी, मेथीच्या जुड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, आणि बैल पाहून झाल्यावर बायकांसाठी आरसा-कंगवा घेणारे शेतकरी. कौसाबाई कुठे बसते असं मी एका भाजीवालीला विचारलं. तिने हात करून दाखवली ती साठीच्या आतबाहेरची, काळीसावळी, तोंडात पान असलेली बाई. समोर कांदे, कोथिंबीर आणि वांग्यांचा ढीग, पण वांगी जांभळी आणि लहान. माझा धीर खचला.

कौसाबाई एके काळी उंद्रीला आमच्या शेजारी नवी सून म्हणून आली होती. पुढे तिच्या नवऱ्याने धाडला जमीन केली आणि ती मंडळी इकडे आली. मी कोण ते सांगितल्यावर तिने पान थुंकलं आणि मला खालून वर पाहिलं.

"रोडग्याची पोट्टी!" ती म्हणाली. "त्या दिवशी धुरात रडू-रडू नाक लाल केल्तं तूनं. चाल घरी."

बाजार अर्ध्यावर होता. मी थांबते म्हटलं तर तिने भाजी शेजारणीच्या स्वाधीन केली आणि चालू लागली. घरी पोचेपर्यंत, पाणी, चहा आणि भाकरी थापली जाईपर्यंत मी बियाण्याचा विषय काढला नाही. पण या वेळी मी शहाणी झाले होते. जेवणात काय आहे ते आधी विचारलं. अंबाडीची भाजी होती. मी निर्धास्त बसले.

जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी रोडग्यांची गोष्ट काढली. मी ती चांगली सांगते, सरावाची आहे. काकाचं थुंकणं, आजीच्या शिव्या, सासूबाई आल्या होत्या वाटतं. कौसामावशीने घास खाली ठेवला.

"तुले कोनं सांगतलं रोडगे कच्चे राह्यले म्हनून?"

"मी स्वतः होते की तिथे."

"कच्चे राह्यले नाही. कच्चे ठेवले."

मग तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी ती पहाटे विहिरीवर गेली होती. आमच्या घरामागून येताना तिला माय दिसली. माय गोवऱ्यांच्या राशीवर घागरीने पाणी ओतत होती. वरून नाही, मागच्या बाजूने, वरच्या कोरड्या दिसाव्या म्हणून. कौसाला पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं. जेवण झाल्याशिवाय सोयरिकीची बोलणी निघत नाहीत. जेवणच झालं नाही तर बोलणी निघणार कशी? सासूपुढे तोंड उघडायची त्या घरात पद्धत नव्हती. मायने आयुष्यात एकदाच सासूला विरोध केला, तो एक घागर पाण्याने.

"पन ते आर्धंच झालं," कौसामावशी म्हणाली. "गवऱ्या पेटेना, तं बुढी सोता मांगं गेली. म्याबी गेली तिच्यामांगं, म्हटलं आता सुनेचं काही खरं नाही. बुढीनं राशीत हात घातला, पार कोपरापावतर. काढला तं वला. तिनं हाताकडे पाह्यलं, पदराले पुसला, अन् उभी राह्यली. मले तं भेव वाटलं. म्या म्हटलं, आत्याबाई, आमच्या घरच्या कोरड्या गवऱ्या आनतो, आत्ता पेटीन. तं तिनं माहा हात धरला. म्हने, नको. आमच्या घरच्या जशा हायेत तशा राहू दे."

"आणि शिव्या?"

"मंग भाईर जाऊन देल्ल्या ना! पाहुन्याईले आयकू गेल्या पाह्यजे का नाही?"

मी जेवायची थांबले होते. कौसामावशीने माझ्या ताटाकडे बोट दाखवलं, मी घास घेतला.

"बियानं नेलं त्या साली म्या बुढीले इचारलं, त्या दिवशी तुमी गप काऊन बसल्या? पाहुने तं तुमीच बलावले होते. तं म्हने, सुनेनं जलमात मले काही मागतलं नाही. त्या दिवशी मागतलं, तेबी तोंड न उघडता. मी नाही कशी म्हनू? अन् म्हने, तिले सांगजो नको. सुनेजवळ एखांदी गोष्ट तिची एकटीची असू दे."

"मायला अजून माहीत नाही?"

"मी कायले सांगन? सबद देल्ता. आता बुढी गेली. तू तिची नात, तुले सांगाले हरकत नाही. तू पाह्य काय कराचं तं."

प्रवासवर्णनात लेखकाने स्वतःच्या मनःस्थितीचे फार तपशील देऊ नयेत असं माझं मत आहे. पण इथे खरं लिहायला हवं. मला लाज वाटली. तीस वर्षं मी ती गोष्ट सांगून माणसं हसवली होती. एका दिवसात दोन बायकांनी एकमेकींना न सांगता माझं आयुष्य वळवलं, आणि त्यातल्या एकीला मी टाळ्या दिल्या आणि दुसरीला थट्टा.

सुपारीनंतर मी बियाणं मागितलं. कौसामावशी आत गेली आणि राखेने माखलेली चिंधीची गाठ घेऊन आली. भरताचं वांगं बाजारात लवकर संपतं म्हणून ढिगात दिसलं नव्हतं, एवढंच. मी गाठ दोन्ही हातांनी घेतली आणि पुण्याच्या सवयीने म्हणाले, "फार आभारी आहे."

"शुभ बोल वं!" ती दचकून म्हणाली. "बियान्याचे आभार मानत नसतात. उगवत नाही ते."

पुन्हा उंद्री

परतीच्या एस.टी.त मी मायला म्हणायचं वाक्य तयार करत होते. बुलडाण्यापर्यंत ते लांब होतं, चिखलीपर्यंत दोन शब्दांचं राहिलं, आणि उंद्रीला उतरताना त्यातलं काहीच बोलण्यासारखं वाटेना.

मायने रोडगे केले होते. मी येणार हे तिला कसं कळलं, विचारलं नाही. ती रोजच करत असावी. मी काही न बोलता जेवायला बसले, रोडगा न मोडता तसाच उचलून खाल्ला. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. हात धुऊन झाले, तिने सुपारीचं खांड दिलं, मग मी गाठ तिच्या हातावर ठेवली.

तिने ती सोडली. चिमूटभर बी बोटांत चोळलं, एक जिभेवर ठेवलं.

"हेच," ती म्हणाली. मग गाठ पुन्हा बांधली, गाडग्यात घातली, आणि गाडगं जुन्या कोनाड्यात न ठेवता कोरड्या भिंतीला खुंटीवर टांगायला मला सांगितलं. मी टांगलं. "मंग कवा निघाचं पुन्याले?"

पार्वताआत्याच्या वांग्याचं सांगितलं तेव्हा ती हसली. मग मी कौसामावशीचं सांगितलं. घागरीचं सांगितल्यावर तिचं हसू गेलं.

"कौसी अजून बोलतेच का?" एवढंच ती म्हणाली.

"मी इतकी वर्षं थट्टा केली. तू एकदा तरी सांगायचंस."

"तू हासत होती. मले बरं वाटे."

मग मी तिला दुसरं अर्धं सांगितलं. आजीने राशीत कोपरापर्यंत हात घातला, ओला हात पदराला पुसला, आणि शेजारच्या कोरड्या गोवऱ्या आणू दिल्या नाहीत. माय ऐकत होती. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे होते, पण तिला तिथे काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं.

"तिले ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"मंग मले येवढ्या शिव्या काऊन देल्ल्या तिनं?"

"पाहुण्यांना ऐकू जायला हव्या होत्या म्हणून."

माय हसायला लागली. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून, मग पदर डोळ्यांना लावून.  मी तिच्या जवळ सरकले. दोन शब्द तोंडाशी आले होते, पण बियाण्याचे आभार मानत नसतात हे मी नुकतंच शिकून आले होते. मी तिचा हात धरला.

"मले एकाच गोष्टीचं वाईट वाटते अजून," ती म्हणाली. "तू त्या दिवशी उपाशी राह्यली. भूक-भूक करून रडत होती. अन् मले तुले काही देता येत नव्हतं."

तिने हात सोडवला आणि चाचपत परातीपर्यंत नेला. एक रोडगा उरला होता. तो तिने फोडला, आत बोट घालून शिजला आहे की नाही ते नीट पाहिलं, आणि माझ्या ताटात ठेवला. माझं पोट भरलं होतं, हात धुऊन झाले होते. मी तो सगळा खाल्ला.